कपडे वाळविण्याचे यंत्र सुरू न झाल्यास

गोमंतकात व बेळगावच्या परिसरात आषाढ-श्रावणाचे दिवस म्हणजे ओल्या कपड्यांची चिंता. ज्या घरी उष्ण हवेने कपडे वाळविणारे विजेचे यंत्र, म्हणजे ड्रायर, आलेले आहे, तेथे ही चिंता बरीच हलकी होते. परंतु भर पावसात कळ दाबूनही ते यंत्र सुरू झाले नाही, तर काय पाहावे, याचा क्रम प्रत्येक गृहस्थास व गृहिणीस ठाऊक असावा.

प्रथम वीज पाहावी. २३०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १० अँपिअर प्रवाह घेते. यास्तव त्यास ६ अँपिअरचे लहान सॉकेट उपयोगी नाही. अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे सॉकेटच हवे. त्याच सॉकेटवर इस्त्री लावून पाहावी. ती तापली नाही, तर दोष यंत्रात नसून पुरवठ्यात आहे. बोर्डावरील खटका पडला असल्यास तो एकदा वर करावा. पुनश्च पडल्यास हट्ट न धरता वायरमनला बोलवावे.

वीज येत असूनही यंत्र स्तब्ध असेल, तर दाराकडे वळावे. दार पुरते मिटल्याखेरीज यंत्र चालू नये, म्हणून चौकटीत एक लहान स्विच बसविलेला असतो. दार लावताना नेहमीचा ‘टक्’ असा आवाज आला नाही, तर तेथे कापड अडकले आहे किंवा स्विच बिघडला आहे. मुलांसाठीचे कुलूप अथवा उशिरा सुरू होण्याची योजना चुकून लागली आहे काय, हेही पाहावे. कपड्यांतील पाणी टाकीत साठविणारे यंत्र असल्यास टाकी रिकामी करावी.

मोटर नुसती घुमते पण पिंप फिरत नाही, तर पिंप अडकलेले किंवा कपॅसिटर निकामी झालेला असू शकतो. मोटर फिरते पण पिंप स्थिर राहते, तर बहुधा पट्टा तुटलेला असतो. ही कामे जाणत्या कारागिराचीच होत. यंत्र उघडण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे; नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कपड्यांतून निघणारी लव जाळीत व हवेच्या नळीत साचली, की उष्ण हवा कोंडते. उष्णता मर्यादेबाहेर गेली, की थर्मल फ्यूज स्वतः निकामी होऊन प्रवाह तोडतो. तो पुन्हा आपोआप जुळत नाही. पुष्कळ यंत्रांत त्यामुळे मोटरही सुरू होत नाही. अशा वेळी फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडला, तर यंत्र तत्काळ चालू लागते, आणि मालकास काम स्वस्तात झाल्याचे समाधान वाटते. परंतु रोजमेळ जुळेना म्हणून खोटी रक्कम घालून शिल्लक मिळविण्यासारखाच हा प्रकार होय. मूळ चूक तशीच राहते. लव ही सहज पेट घेणारी वस्तू. पुढील वेळी प्रवाह तोडणारे तेथे कोणी नसते, आणि आग लागण्याचा संभव राहतो.

म्हणून नवा फ्यूज बसविताना ‘जुना का गेला?’ हा प्रश्न कारागिरास अवश्य विचारावा, आणि नळी आपल्या देखत साफ करवून घ्यावी. पुढे प्रत्येक वेळी कपडे काढल्यावर जाळीवरील लव हाताने काढून टाकण्याचा नेम ठेवावा. या कामास अर्धे मिनिटही लागत नाही. परंतु यंत्राचे आयुष्य व घराची सुरक्षितता यांवरच अवलंबून आहे.