घरची प्रयोगशाळा आणि दुकानदाराची वही

रसायनांच्या विक्रीवर निर्बंध आले म्हणजे दुष्टांपेक्षां जिज्ञासूंचीच अडचण अधिक होते, अशी तक्रार घरीं प्रयोग करणाऱ्या छंदिष्टांकडून आमच्या कानीं वारंवार येते. ती सर्वस्वी खोटी नव्हे. परंतु दुसरी बाजू पाहिल्यावांचून निर्णय देणें न्याय्य होणार नाहीं.

घरगुती प्रयोगांचें महत्त्व थोडेंथोडकें नाहीं. लंडनचा विल्यम पर्किन 1856 सालीं ईस्टरच्या सुटींत घरच्या घरीं कृत्रिम क्विनीन करावयास गेला आणि हातीं लागला जांभळा रंग! तेव्हां तो अवघा 18 वर्षांचा होता. कृत्रिम रंगांचा प्रचंड धंदा त्यांतूनच उभा राहिला.

पण ज्या बाटलींत विद्या, तींतच घात. आपल्या देशांत स्त्रियांच्या चेहऱ्यावर अ‍ॅसिड फेकण्याचे अमानुष प्रकार घडले, म्हणून 18 जुलै 2013 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या किरकोळ विक्रीस बंधन घातलें. विक्रेत्यानें वही ठेवून गिऱ्हाइकाची माहिती, पत्ता व विकलेलें प्रमाण नोंदवावें; सरकारी छायाचित्र-ओळखपत्र पाहावें; प्रयोजन विचारावें; आणि 18 वर्षांखालील कोणासहि अ‍ॅसिड विकूं नये, असा तो आदेश आहे. युरोपीय संघानें स्फोटकांच्या भीतीनें तीव्रतेवर बोट ठेविलें. तेथें 1 फेब्रुवारी 2021 पासून 12 टक्क्यांहून तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा 3 टक्क्यांहून तीव्र नायट्रिक अ‍ॅसिड सामान्य माणसास सहजीं मिळत नाहीं.

येथेंच छंदिष्टाची कोंडी होते. शाळेच्या पाठीशीं संस्थेचें नांव असतें. घरच्या शोधकापाशीं ‘मला पाहावयाचें आहे’ एवढेंच प्रयोजन असतें, आणि अल्पवयी मुलास तर तेंहि सांगण्याची सोय उरलेली नाहीं.

तथापि आदेशाचा रोख जिज्ञासेवर नसून निनांवी खरेदीवर आहे. म्हणून मुलास वा मुलीस हौस असेल तर काकांनीं, आत्यांनीं किंवा आजोबांनीं स्वतः दुकानीं जावें, वहींत आपलें नांव घालावें, प्रयोजन मोकळेपणानें सांगावें आणि प्रयोग संपेपर्यंत शेजारून हलूं नये. डोळ्यांस संरक्षक चष्मा, उघडी खिडकी, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी आणि कुलपाचें कपाट, हें पथ्य मोडूं नये.

शिवाय आरंभास वहीची गरजच काय? हळदींत चुन्याची निवळी घातली कीं ती लाल होते. लिंबू पिळतांच पुन्हां पिवळी! हें कां होतें, असें मुलानें विचारलें कीं प्रयोगशाळा उघडली. पुढची जबाबदारी वडीलधाऱ्यांची. कायद्यानें मागितलेली सही ती हीच, असें आम्ही समजतों.