धमनी उघडली, मूत्रपिंडाचं काय?

1934 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चिमटा लावून ती अरुंद केली. कुत्र्यांचा रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला. या प्रयोगातून एक सरळ आशा जन्माला आली : अडथळा काढा, आजार जाईल. ही आशा कोणत्या रुग्णाच्या बाबतीत खरी ठरेल, हे आधी ओळखण्यासाठी वैद्यक गेली नव्वद वर्षं झटत आहे.

सुरुवातीला सर्जनच्या हाती एकच उपाय होता, तो म्हणजे आजारी बाजूचं मूत्रपिंड काढून टाकणं. 1956 साली होमर स्मिथ यांनी अशा शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना फायदा झालेला दिसला. निवड चुकली तर रुग्ण मूत्रपिंड गमावतो आणि रक्तदाबही तसाच राहतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

1978 मध्ये झुरिचच्या आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने मूत्रपिंडाची धमनी रुंद केल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्या, म्हणजे स्टेंट, आले. अँजिओग्राफीच्या पडद्यावर अरुंद धमनी क्षणात मोकळी होताना दिसे आणि काम फत्ते झालं असं वाटे. मूत्रपिंडाचं काम घटलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन मात्र वेगळं सांगत होतं. साधारण एक चतुर्थांश रुग्णांचं मूत्रपिंड सुधारे, निम्म्यांचं होतं तिथंच राही आणि उरलेल्यांचं बिघडे. पाट साफ केला म्हणून करपलेलं पीक उभं राहत नाही, तसंच हे होतं.

मग आधीच अंदाज बांधण्याची धडपड सुरू झाली. 2001 मध्ये जर्मनीतल्या राडरमाखर आणि सहकाऱ्यांनी डॉप्लर सोनोग्राफीवर बोट ठेवलं. मूत्रपिंडाच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या प्रवाहाला किती विरोध करतात, याचा निर्देशांक 0.80 किंवा त्याहून जास्त असलेल्या 35 रुग्णांपैकी 28 जणांचं कार्य धमनी उघडूनही घटलं. निर्देशांक कमी असलेल्यांत हे प्रमाण फक्त 3 टक्के होतं. दोनच वर्षांनी जर्मनीतूनच झेलर यांच्या गटाने जास्त निर्देशांकाच्या काही रुग्णांनाही स्टेंटचा लाभ झाल्याचं दाखवलं. एका आकड्यावर कुणाला दार बंद करता येत नाही, हे त्यातून कळलं.

2009 चा 'अ‍ॅस्ट्रल' अभ्यास 806 रुग्णांचा, तर 2014 चा 'कोरल' अभ्यास नऊशेहून अधिक रुग्णांचा. औषधांच्या जोडीला स्टेंट दिल्याने ठळक फायदा दोन्हींत दिसला नाही. उलट 'अ‍ॅस्ट्रल'मध्ये धमनी उघडताना 23 रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली, त्यांतले दोघे दगावले. स्टेंटची लाट ओसरली आणि ते योग्यच झालं. पण सरासरीच्या आड काही माणसं झाकली गेली. ज्यांना उपचाराचा नक्की उपयोग होईल असं डॉक्टरांना वाटत होतं, ते 'अ‍ॅस्ट्रल'मध्ये घेतलेच गेले नव्हते. एकाएकी फुप्फुसांत पाणी भरणारे किंवा काही आठवड्यांत क्रिएटिनिन झपाट्याने चढलेले रुग्ण या अभ्यासांत फार थोडे होते. आणि सुधारण्याची शक्यता त्यांच्यातच जास्त असते. अलीकडे वेगाने झालेली घसरण म्हणजे रक्तावाचून अडलेलं, पण अजून जिवंत असलेलं मूत्रपिंड. वर्षानुवर्षं हळूहळू झिजलेलं, आठ सेंटिमीटरहून आखूड झालेलं, लघवीतून भरपूर प्रथिनं गमावणारं मूत्रपिंड सहसा परत येत नाही.

याचं कारण अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये टेक्स्टर आणि सहकाऱ्यांनी एमआरआयने शोधलं. दोन्ही मूत्रपिंडांना मिळून हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मिळतो. हा पुरवठा त्यांच्या ऑक्सिजनच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून बरीच घट ती सोसतात. मर्यादा ओलांडली की दाह सुरू होतो, बारीक रक्तवाहिन्या विरळ होतात, तंतुमय ऊती वाढतात. मग स्टेंटने ऑक्सिजन परतला तरी दाह थांबत नाही. म्हणजे धमनी किती अरुंद आहे याइतकंच, तिच्यामागे जिवंत मूत्रपिंड किती उरलं आहे हे मोजायला हवं.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पाश्चात्त्य अभ्यासांतले रुग्ण सरासरी सत्तरीच्या आसपासचे, चरबीच्या थरांनी धमन्या अरुंद झालेले. भारतात तरुण वयात, विशेषतः मुलींमध्ये, ताकायासू धमनीदाह हे मोठं कारण आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन, डॉ. किणरे आणि सहकाऱ्यांनी या आजारावर मूलभूत काम केलं. 101 रुग्णांच्या अभ्यासावरचा त्यांचा ग्रंथ 1973 साली आला. विशीतल्या मुलीला सत्तरीतल्या रुग्णांची सरासरी लावणं अन्यायाचं आहे. आधी दाह औषधांनी शमवून मग धमनी उघडली, तर तिच्या मूत्रपिंडापुढे आयुष्य पडलेलं असतं.

नव्वद वर्षांनंतरही भाकीत सांगणारी एकच खात्रीची चाचणी हाती नाही. पण काय विचारायचं, हे आता स्पष्ट आहे : मूत्रपिंडाचा आकार किती, प्रथिनं किती जातात, डॉप्लर काय सांगतो आणि गेल्या वर्षभरात क्रिएटिनिन कोणत्या वेगाने चढलं? शेवटच्या प्रश्नाला महागडं यंत्र लागत नाही. जुने रिपोर्ट जपून ठेवलेले असले आणि डॉक्टरांनी ते तारखेनुसार मांडून पाहिले, तर उत्तर मिळतं. स्टेंट घालण्याआधी, आणि तो नाकारण्याआधीही, रुग्णाला एवढी तपासणी मिळालीच पाहिजे.