काउंटी शेरिफची निवडणूक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षापासून शाळा मंडळापर्यंत इतकी पदं असतात, की काउंटी शेरिफच्या रकान्याकडे सहज दुर्लक्ष होतं. तिथलं नागरिकत्व घेतलेल्या मराठी मतदाराला तर हे पद शोभेचं वाटण्याची शक्यता अधिक. मुंबईचा शेरिफ, म्हणजे नगरपाल, हा वर्षभराचा मान असतो. 1994 मध्ये सुनील गावसकर यांना तो मिळाला होता. कारभाराचे अधिकार त्यात जवळपास नाहीत. अमेरिकेतल्या शेरिफची गोष्ट अगदी वेगळी आहे. तिथे तीन हजारांहून अधिक शेरिफ आहेत आणि त्यांपैकी बहुतेक थेट मतदानाने निवडून येतात. अनेकांच्या हाती सशस्त्र दल, तुरुंग आणि मोठं अंदाजपत्रक असतं. आपल्याकडे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाची बदली सरकारच्या एका आदेशाने होते, पण शेरिफला असा वरिष्ठ सहसा नसतो. म्हणूनच मतदाराचं मत हाच त्याच्यावरचा मुख्य अंकुश ठरतो.

‘शेरिफ म्हणजे पोलीस प्रमुखच, आमच्या शहराला आमचे पोलीस आहेत, मग आम्हाला काय करायचंय?’ हा सर्वांत मोठा गैरसमज. शहराच्या पोलीस प्रमुखाला महापौर, नगर परिषद किंवा शहराचा प्रशासक नेमतो आणि काढूही शकतो. शेरिफच्या खात्याला काउंटीचं मंडळ पैसे मंजूर करतं, पण बहुतेक ठिकाणी त्याला पदावरून हटवू शकत नाही. शिवाय शेरिफचं काम शहराच्या वेशीपाशी थांबत नाही. न्यायालयांची सुरक्षा, समन्स बजावणं, न्यायालयाच्या आदेशावरून घरं रिकामी करून घेणं ही कामं अनेक राज्यांत त्याच्याकडेच असतात. कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोसारख्या शहराला तर स्वतःचं पोलीस खातंच नाही. तिथली गस्त सँटा क्लारा काउंटीच्या शेरिफकडे कराराने दिलेली आहे. अर्थात सगळीकडे चित्र सारखं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये शेरिफचं मुख्य काम तुरुंग चालवणं हे आहे, न्यू जर्सीत न्यायालयांशी संबंधित कामांवर भर आहे, तर लुइझियानात बहुतेक ठिकाणी शेरिफ मालमत्ता करही गोळा करतो. तेव्हा आपल्या काउंटीत शेरिफ नेमकं काय करतो, हे मतदाराने आधी समजून घ्यायला हवं.

दुसरा गैरसमज तुरुंगाविषयीचा. काउंटीच्या जेलमध्ये शिक्षा झालेले गुन्हेगारच असतात, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दीर्घ शिक्षा भोगणारे कैदी सहसा राज्याच्या किंवा संघराज्याच्या तुरुंगात जातात. स्थानिक जेलमध्ये कोणत्याही एका दिवशी देशभरात सुमारे साडेसहा लाख माणसं असतात आणि त्यांतले जवळपास 70 टक्के कच्चे कैदी असतात. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नसतो. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून कित्येकजण आत असतात. त्यांना औषध वेळेवर मिळतं का, मनोरुग्णाला कसं वागवलं जातं, हे बहुतांश काउंटींत शेरिफच्या कारभारावर ठरतं. संघराज्याच्या इमिग्रेशन खात्याशी सहकार्याचा करार करायचा की नाही, हा निर्णयही बऱ्याच राज्यांत शेरिफ घेतो. ग्रीन कार्ड किंवा एच-1बी व्हिसावर राहणाऱ्यांना या निवडणुकीत मत नाही, पण तिचे परिणाम त्यांच्याही वाट्याला येतात.

काही शेरिफ आणि त्यांचे समर्थक म्हणतात, की काउंटीत राज्यघटनेचा अंतिम अर्थ शेरिफच लावू शकतो. या दाव्यासाठी 1997 च्या प्रिंट्झ खटल्याचा आधार घेतला जातो. त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एवढंच म्हटलं होतं, की बंदूक खरेदीदारांची तपासणी करण्याचं काम केंद्र सरकार स्थानिक अधिकाऱ्यांवर लादू शकत नाही. कोणता कायदा घटनाबाह्य आहे हे ठरवण्याचा अधिकार त्या निकालाने शेरिफला दिलेला नाही. असा दावा करणाऱ्या उमेदवाराला मत देण्यापूर्वी हे लक्षात असावं.

यावर कुणी म्हणेल, की न्यायालयं आहेतच, मग मतदाराने एवढी चिंता का करावी? न्यायालयं आहेत, पण त्यांचा न्याय उशिरा येतो आणि महाग पडतो. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत जो अर्पायो 1993 ते 2016 अखेरपर्यंत शेरिफ होते. त्यांचं खातं लॅटिनो रहिवाशांबाबत भेदभाव करतं, असा निकाल 2013 मध्ये न्यायालयाने दिला. त्याच्या पूर्ततेसाठी काउंटीच्या करदात्यांनी कोट्यवधी डॉलर मोजले. अर्पायो यांना पदावरून दूर केलं ते मात्र 2016 च्या मतदानाने. सँटा क्लारात 1998 मध्ये निवडून आलेल्या लॉरी स्मिथ सहा वेळा जिंकल्या. बंदूक परवान्यांतला पक्षपात आणि गैरवर्तनाच्या आरोपांवरचा खटला उभा राहून ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं ते 2022 मध्ये. लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी त्याच वर्षी गंभीर कारण असेल तर शेरिफला हटवण्याचा अधिकार मंडळाला दिला. तोही मतपेटीतूनच मिळाला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कायदा राबवणारा अधिकारी निवडणुकीतून येऊच नये, कारण तो राजकारणात अडकतो. ही भीती खोटी नाही. कनेक्टिकटने 2000 मध्ये हे पदच रद्द केलं. उलट फ्लोरिडाच्या मतदारांनी 2018 मध्ये प्रत्येक काउंटीत निवडून आलेला शेरिफ असावा असा कौल दिला आणि त्यानुसार मायामी-डेडमध्ये 2024 ला शेरिफची निवडणूक झाली. मात्र जिथे पद निवडणुकीचं आहे, तिथे मतदार उदासीन राहिला तर राजकारण कमी होत नाही. फक्त विद्यमान शेरिफ बिनविरोध परत येतो आणि कुणीच जाब विचारत नाही. म्हणून या वेळी उमेदवाराच्या गणवेशावर आणि पक्षावर थांबू नका. गेल्या काही वर्षांत जेलमध्ये किती मृत्यू झाले, नुकसानभरपाईपोटी काउंटीने किती पैसे दिले, तक्रारींची चौकशी कोण करतं, हे विचारा आणि उत्तर मिळाल्यावरच मत द्या.