सीट बदलू नका, आधी पुठ्ठ्यावर बसा!

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी

मित्रहो, हा लेख ज्या अवयवाविषयी आहे त्याचं नाव मॅगझीनमध्ये कसं छापायचं, यावर संपादक मंडळात बराच खल झाला. शेवटी ‘बैठक’ हा शब्द मंजूर झाला. तेव्हा बैठक म्हटलं की काय समजायचं ते आपण सूज्ञ आहातच.

मी देवळीचा. देवळी म्हणजे वर्ध्याहून यवतमाळ रोडने सतरा-अठरा किलोमीटर. एवढं अंतर तर आमच्या आबांच्या पिढीत लोक बाजाराला सायकलने जायचे आणि घरी येऊन पुन्हा वावरात जायचे. मी मात्र गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सेकंडहँड गिअरची सायकल घेतली, कॉटन मार्केटजवळच्या दुकानातून जाडजूड जेलचं सीट कव्हर आणलं आणि मोठ्या ऐटीत देवळीहून कळंबला निघालो. चिंतामणीचं दर्शन घेऊन दुपारच्या आत परत, असा बेत. जाताना सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, येताना तेवढेच. भिडी मागे पडेस्तोवर राजासारखा होतो. वर्धा नदीचा पूल ओलांडला तेव्हा बुडाखाली काहीतरी टोचायला लागलं. कळंबला पोचलो तेव्हा टोचणं थांबलं होतं, आणि मला वाटलं सवय झाली! सवय झाली नव्हती. तो सगळा भाग बधिर झाला होता. चालताना पाय माझे, पण मधला भाग कुणा दुसऱ्याचा, अशी अवस्था. परतीचा निम्मा रस्ता मी पायडलवर उभं राहून काढला. रस्ता आता चौपदरी झालाय, त्यामुळे ट्रकवाल्यांना हे दृश्य चांगलं लांबून दिसत होतं.

देवळीच्या बसस्टँडकडे एक सायकल दुरुस्तीवाले काका आहेत. त्यांनी कव्हर दाबून पाहिलं, सायकल भिंतीला टेकवून मला वर बसवलं, दोनदा उलटं पायडल मारायला लावलं आणि म्हणाले, “सीट खराब नाही रे बाबू, लावनं खराब हाय. अन् हे गादी बसाले बरी, चालवाले नाही.”

या दोन वाक्यांत सगळं आलं होतं. पण मी पडलो इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. दोन वाक्यांत कळलेली गोष्ट समजून घ्यायला मला चार महिने लागले.

पहिली गोष्ट : आपण मांसावर बसत नाही, हाडांवर बसतो. खुर्चीच्या कडक लाकडी फळीवर तळहात ठेवून त्यावर बसून पाहा (रूमचा दरवाजा लावून). दोन गोल टोकं हाताला लागतील. ही ओटीपोटाच्या हाडांची खालची टोकं. वजन पेलण्यासाठीच ती बनलेली आहेत. त्या दोन टोकांच्या मधल्या भागातून मात्र महत्त्वाच्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात आणि तो भाग वजन पेलण्यासाठी अजिबात बनलेला नाही. चांगली सीट म्हणजे जी हाडांना आधार देते आणि मधल्या भागाला मोकळं सोडते. बस्स. किंमत, कंपनी, रंग हे सगळं यानंतर.

मग मऊ सीटमध्ये काय बिघडतं? आपल्या हॉस्टेलच्या गाद्या आठवा. पहिल्या वर्षी मऊ असते, तिसऱ्या वर्षी मध्ये खड्डा आणि दोन्ही बाजूंना टेकड्या. जाड जेलवर बसल्यावर पंधरा मिनिटांत अगदी हेच होतं. हाडं खाली रुततात, दबलेलं जेल जागा मिळेल तिकडे सरकतं, आणि जागा असते ती मध्येच. म्हणजे जो भाग मोकळा राहायला हवा तिथेच खालून टेकडी वर येते. दुकानात अंगठ्याने दाबून जी सीट सर्वांत छान वाटते ती पन्नास किलोमीटरवर सर्वांत वाईट ठरू शकते, ती यामुळे. अंगठा तीन सेकंद बसतो, आपण तीन तास.

आता थोडं गणित, नाहीतर सर म्हणतील मेकॅनिकलचा मुलगा आणि लेखात एकही समीकरण नाही. समजा सीटवर आपल्या वजनातलं ४० किलो येतं, म्हणजे साधारण ४०० न्यूटन. (बाकीचं हात आणि पाय घेतात.) समजा ते ६० चौरस सेंटीमीटरवर पसरलं. ४०० भागिले ०.००६, म्हणजे सुमारे ६७ किलोपास्कल. पाऱ्याच्या भाषेत जवळपास ५०० मिलिमीटर. कातडीखालच्या बारीक केशवाहिन्यांतला दाब असतो तिसेक मिलिमीटर. गृहीत धरलेले आकडे थोडे इकडेतिकडे केले तरी फरक इतका मोठा आहे की निष्कर्ष बदलत नाही. कोणत्याही सीटवर, मग ती कितीही महाग असो, सलग बसलं तर दबलेल्या जागी रक्त नीट फिरत नाही. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभं राहून वीस-तीस सेकंद सायकल चालवायची. स्पीडब्रेकर आला की उठायचं, पुलाचा चढ आला की उठायचं. हा उपाय फुकट आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

आता शीर्षकातल्या पुठ्ठ्याकडे येऊ. कुरियरच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्या. तो कडक स्टुलावर ठेवा, पातळ पँट घालून त्यावर बसा, पायाखाली दोन विटा घ्या म्हणजे गुडघे थोडे वर येतील. किंचित पुढे वाकून मिनिटभर बसा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. दिसत नसतील तर खडू आडवा घासा. दोन्ही खळग्यांच्या मध्यबिंदूंतलं अंतर मोजा. माझं ११.८ सेंटीमीटर निघालं. मोठ्या माणसांत हे साधारण १० ते १५ च्या दरम्यान असतं. अंगकाठीवरून ते ओळखता येत नाही. आमच्या विंगमधल्या सर्वांत धिप्पाड मुलाचं सर्वांत कमी निघालं, आणि त्यावरून झालेली चर्चा इथे देता येणार नाही. मुलींमध्ये हे अंतर सरासरीने थोडं जास्त असतं, आणि दुकानात सायकलला आधीच लावून आलेली सीट बऱ्याचदा त्यांना अरुंद पडते. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मैत्रिणीने याच कारणासाठी सायकल विकायला काढली होती. पुठ्ठ्यावर मोजून थोडी रुंद सीट बसवली. सायकल अजून तिच्याकडेच आहे.

मोजलेल्या अंतरात दोन-तीन सेंटीमीटर मिळवले की सीटच्या मागच्या भागाची रुंदी मिळते. तुम्ही अगदी ताठ बसून चालवत असाल तर आणखी रुंद हवी. फार वाकून चालवत असाल तर कमी चालते, कारण वाकल्यावर वजन हाडांच्या पुढच्या, एकमेकांजवळ येणाऱ्या भागावर जातं. दूधवाल्यांच्या आणि पेपरवाल्यांच्या काळ्या सायकलींना ती ढोलासारखी रुंद, खाली स्प्रिंगा असलेली सीट का असते, ते आता कळेल. ते ताठ बसतात. सगळं वजन मागे. खड्ड्याचा धक्का कमरेत जाऊ नये म्हणून स्प्रिंग. तीच सीट वाकून चालवायच्या सायकलला लावली तर मांड्या घासून सोलून निघतील.

या चामड्याच्या सीटचीही एक गोष्ट आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमला जॉन बोल्टबी ब्रूक्स नावाचा चामड्याचा धंदा करणारा माणूस होता. सांगतात की त्याचा घोडा मेला, म्हणून १८७८ साली त्याने सायकल घेतली आणि तिच्या सीटने तो इतका वैतागला की स्वतःच सीट बनवायला बसला. १८८२ साली त्याने पेटंट घेतलं. कल्पना साधी : जाड चामडं पुढच्या नाकाड्यापासून मागच्या लोखंडी कमानीपर्यंत ताणून बसवायचं, खाली काहीच नाही. म्हणजे आपली बाजच! महिना-दोन महिने वापरली की हाडांच्या जागी चामडं आपसूक खोलगट होतं आणि सीट त्या माणसाची होऊन जाते. आपल्याकडच्या जुन्या ॲटलस, हिरो, हर्क्युलीसला अशाच धाटणीच्या सीटा यायच्या. (सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. आबांना मी हे अजून सांगितलेलं नाही.) अशी जुनी सीट घरी माळ्यावर असेल तर फेकू नका. फक्त पावसात भिजवू नका. ओल्या चामड्यावर बसलं तर ते सैल पडून झोळी होते.

रुंदी बरोबर, सीट टणक, तरीही दुखतंय? तर काका म्हणाले तेच, लावनं खराब हाय.

उंची आधी पाहा. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये, कणा वरच्या बाजूला येईल असं घट्ट वर ओढा आणि भिंतीवर खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर गुणिले ०.८८३. क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या पाठीपर्यंत एवढी उंची हवी. हे सूत्र ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूमुळे प्रसिद्ध झालं, ज्याने टूर दि फ्रान्स तीनदा जिंकली. माझं माप ७९ सेंटीमीटर, म्हणजे सीट हवी ६९.८ वर. माझी होती ७३ वर! उंच सीट रुबाबदार दिसते म्हणून मीच चढवली होती. परिणाम असा की प्रत्येक पायडलला पाय पुरत नव्हता, कंबर डावी-उजवीकडे डुलत होती, आणि एका तासात चार-पाच हजार वेळा बैठक सीटवर घासत होती. काकांनी मला उलटं पायडल मारायला लावून हेच पाहिलं होतं, टेप न लावता. गणित नको असेल तर सोपी खूण : सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हावा.

मग कल. सिव्हिलच्या मित्राकडून स्पिरिट लेव्हल आणा, नाहीतर मोबाइलमध्ये असतेच. सीट सपाट हवी. नाक दोन-तीन अंश जरी वर असलं तरी मधला भाग दाबला जातो. फार खाली असलं तर आपण पुढे घसरत राहतो आणि सगळं वजन मनगटांवर जातं. माझ्या सीटचं नाक वर होतं. पाना घेऊन पाच मिनिटांचं काम. पुढे-मागे सरकवण्यासाठी ओळंबा वापरतात : क्रँक आडवी असताना पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पायडलच्या आसावर यावा. यामागे फार मोठं शास्त्र नाही, पण सुरुवात करायला ठीक आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि वायव्हात जसं होतं तसं होतं.

कपड्यांचंही सांगतो. जीन्सच्या चार शिवणी नेमक्या जिथे एकत्र येतात तिथेच आपण बसतो. विदर्भातलं ऊन, त्यात घाम, त्यात ती शिवण... पॅडवाली शॉर्ट मिळते, ती घ्या, आणि तिच्या आत काहीही घालू नका. तिच्या आत अंडरवेअर घातली की शिवण परत आली. राइडहून आल्यावर ती काढून लगेच आंघोळ करायची आणि शॉर्ट धुवायची. खुंटीला टांगून दुसऱ्या दिवशी तशीच घालायची नाही.

हे मी एवढं का ओरडून सांगतोय त्याला कारण आहे. आमच्यातल्याच एकाला घासून फोड आला. सांगायची लाज. त्याने तीन दिवस कोणाला सांगितलं नाही, त्यावर तसाच बसून प्रॅक्टिकल केली, फोड पिकला, ताप चढला आणि शेवटी तो चिरावा लागला. सबमिशन गेलं ते वेगळं. केसाच्या मुळाशी घाम आणि घर्षणाने जंतू शिरतात, एवढीच ती गोष्ट. दोन दिवस सायकल बंद ठेवून जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवली असती तर बहुधा भागलं असतं. आणि बधिरपणा तर फोडापेक्षा जास्त मनावर घ्यायचा. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांवर तिथल्या व्यावसायिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने अभ्यास केला, २००८ साली तो छापून आला. बिननाकाच्या सीटा सहा महिने वापरल्यावर त्यांच्या बधिरपणाच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. म्हणजे ‘सवय होईल’ हे उत्तर नाही. बधिर झालं की उतरायचं आणि सीट तपासायची. उतरल्यावरही बराच वेळ राहिलं, किंवा वारंवार झालं, तर डॉक्टर. आपल्या वर्ध्यात डॉक्टरांची कमी आहे का!

लांब पल्ला म्हणजे तरी किती लांब? नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांची टीम करून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. जवळपास पाच हजार किलोमीटर! आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९८५ च्या डिसेंबरात, बाबा आमट्यांच्या ‘भारत जोडो’त शंभरावर तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलने निघाले होते. गिअरच्या सायकली तेव्हा आपल्याकडे दुर्मीळच. मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही : मणक्याच्या दुखण्यामुळे बाबांना स्वतःला बसताच येत नव्हतं. ते गाडीत आडवे पडून सोबत होते.

बाबांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, हिंगणघाटचा, २६ डिसेंबर १९१४. येत्या डिसेंबरात आम्ही काही जण हॉस्टेलहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याला आनंदवनात सायकलने जायचं म्हणतोय. एका बाजूने ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. नाव द्यायचं असेल तर आधीच्या दोन रविवारी सकाळी सायकल स्टँडवर या. येताना पुठ्ठा, मोजपट्टी आणि पाना आणा. स्पिरिट लेव्हल सिव्हिलवाले आणतील. जेलचं कव्हर मात्र रूमवरच ठेवून या. माझं मी टेबलाच्या खुर्चीला लावलंय, परीक्षेच्या दिवसांत फार कामाला येतं.