वही कुणाची? एका खेळाच्या ज्ञानकोशाची गोष्ट



गटाची वही कुणाच्या घरी ठेवायची, हा प्रश्न प्रत्येक गटात कधी ना कधी येतोच. सचिव बदलली की वही मागायला जावं लागतं. ती सहज मिळाली तर ठीक, नाहीतर दोन बैठका त्यातच जातात. आज आम्ही अशाच एका वहीची गोष्ट सांगणार आहोत. वही फार लांबची आहे, कॉम्प्युटरवरच्या एका खेळाची. पण ती लिहिली सामान्य माणसांनी, एक पैसा न घेता. आणि ती कुणाची, यावरून त्यांना दोनदा घर बदलावं लागलं.

आधी खेळ कोणता ते सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ब्लिझार्ड नावाची कंपनी आहे. तिने १९९४ साली 'वॉरक्राफ्ट' हा खेळ काढला. माणसं आणि ऑर्क नावाची एक दांडगी जमात यांच्यातल्या लढाईचा तो खेळ. पुढे त्याचे आणखी भाग आले. मग २३ नोव्हेंबर २००४ रोजी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. हा घरात एकट्याने खेळायचा खेळ नव्हता. इंटरनेटवरून हजारो लोक एकाच वेळी त्या जगात फिरत. त्यासाठी दर महिन्याला वर्गणी भरायची. २०१० साली वर्गणी भरणारे १ कोटी २० लाख झाले होते.

आता हे जग केवढं? त्यात डोंगर, बंदरं, शहरं, जंगलं. कुठे कोणती औषधी मुळी मिळते, कोणता गावकरी कोणतं काम सांगतो, कोणत्या गुहेत कोण बसलंय, अशा हजारो गोष्टी. सगळं एकट्याला कळणं शक्यच नाही. ज्याला जे सापडलं ते तो दुसऱ्याला सांगे. पण तोंडी सांगितलेलं विसरतं. म्हणून खेळ बाजारात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, एका खेळाडूने इंटरनेटवर एक सामायिक वही उघडली. तिचं नाव 'वॉवविकी'.

'विकी' म्हणजे काय? हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे चटकन. होनोलुलूच्या विमानतळावर त्या नावाची बस होती. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९९५ साली अशी वेबसाइट बनवली, की वाचणारा कुणीही तिथल्या तिथे मजकूर दुरुस्त करू शकेल. तिला त्यांनी त्या बसवरून नाव दिलं. पुढे २००१ साली याच पद्धतीने विकिपीडिया सुरू झाला. आपला मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तोही असाच, लोकांनी फुकट लिहिलेला.

तुम्ही म्हणाल, कुणीही लिहायचं म्हणजे गोंधळच. पण विकीत एक सोय असते. प्रत्येक पानामागे 'इतिहास' नावाचं पान असतं. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणी काय बदललं, आधी काय होतं, सगळं तिथे राहतं. कुणी खोडसाळपणा केला तर एका बटणावर जुना मजकूर परत आणता येतो. आपल्या इतिवृत्त वहीत आपण पान फाडत नाही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करतो. तसंच हे. शिवाय प्रत्येक पानाला चर्चेची जागा असते. पटलं नाही तर आधी तिथे बोलायचं.

अशी ही वही भरत गेली. कुणी नकाशे काढले, कुणी राजाराण्यांच्या वंशावळी लिहिल्या, कुणी हत्यारांच्या किमतींचे तक्ते केले. काहींना प्रोग्रॅमिंग येत होतं. खेळाला जोडायचे छोटे प्रोग्रॅम कसे लिहावेत, याची पानं त्यांनी लिहिली. ती वाचून कितीतरी लोक शिकले. हे सारं काम कंपनीच्या पगारावरचं नव्हतं. दिवसभराचं आपापलं काम आटोपून लोक बसत.

पण वाचणारे वाढले की खर्च वाढतो. इंटरनेटवरची वही एका मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवावी लागते. त्याला सर्व्हर म्हणतात. त्याला वीज लागते, भाडं लागतं, देखभाल लागते. २००७ साली वॉवविकी 'विकिया' नावाच्या कंपनीच्या सर्व्हरवर गेली. ही कंपनी विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स आणि त्यांच्या सहकारी अँजेला बीस्ली यांनी काढली होती. विकिपीडिया ना-नफा संस्थेचा, विकिया मात्र धंद्याची. जागा फुकट मिळणार, त्या बदल्यात पानांवर कंपनीच्या जाहिराती. सौदा वाईट नव्हता. जागा देणाऱ्यालाही खर्च असतोच.

२०१० साली विकियाने सगळ्या विकींचं रूप बदलायचं ठरवलं. मजकुराची रुंदी कमी झाली. मोठे तक्ते आणि नकाशे त्यात नीट मावेनात. लिहिणाऱ्यांनी हरकत घेतली. पण घर कसं रंगवायचं हे घरमालकाच्या हातात होतं. तेव्हा ऑक्टोबर २०१० मध्ये बरेच जुने लिहिणारे एकत्र निघाले आणि 'कर्स' नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या जागेत गेले. नव्या वहीचं नाव ठेवलं 'वॉवपीडिया'.

आता मुद्द्याची गोष्ट. त्यांना मजकूर नेता आला का? आला. कारण तो मुक्त परवान्यावर लिहिलेला होता. या परवान्याचा अर्थ असा, की कुणीही त्याची प्रत घ्यावी, बदल करावा, फक्त मूळ लिहिणाऱ्यांचं श्रेय द्यावं आणि आपली प्रतही तशीच मोकळी ठेवावी. म्हणून सगळी पानं, त्यांच्या इतिहासासकट, नव्या घरी आली. पण 'वॉवविकी' हे नाव आणि इंटरनेटवरचा पत्ता जुन्या जागीच राहिला. जुनी वहीही तिथेच उघडी राहिली. लोकांच्या तोंडी जुनं नाव, इंटरनेटवर शोधलं तरी जुनाच पत्ता आधी दिसे. लिहिणारे इकडे आणि वाचणारे तिकडे, असं झालं.

त्यातच दोन महिन्यांत, डिसेंबर २०१० मध्ये, खेळाचा नवा भाग आला. त्यात एक महाकाय ड्रॅगन जुनं जग उद्ध्वस्त करतो. गावं बदलली, रस्ते तुटले, जुनी कामं खेळातून गेली. शेकडो पानं नव्याने लिहावी लागली. पण खेळातून गेलेलं जुनं जग त्या वहीतल्या पानांत मात्र लिहिलेलं राहिलं. कंपनीने पुसलं तरी लोकांनी जपून ठेवलं होतं.

गोष्ट इथे संपत नाही. विकियाने २०१६ साली आपलं नाव 'फॅन्डम' केलं. आणि २०१८ च्या डिसेंबरात फॅन्डमने कर्सचा हा विभागच विकत घेतला. म्हणजे ज्या घरमालकाकडून निघाले, त्यानेच नवं घर घेतलं! आठ वर्षांनी वही पुन्हा त्याच मालकाकडे. काही वर्षं तिथे काढून ऑक्टोबर २०२३ मध्ये लिहिणारे पुन्हा उठले आणि 'विकी डॉट जीजी' या जागेवर गेले. या वेळी 'वॉवपीडिया' हे नावही मागे राहिलं. आता ती वही 'वॉरक्राफ्ट विकी' म्हणून चालते. तीन नावं, पण लिहिणाऱ्यांची साखळी तीच.

असं करणारे ते एकटे नव्हेत. 'रूनस्केप' खेळाची विकी २०१८ साली, 'झेल्डा' खेळाची २०२२ साली आणि 'माइनक्राफ्ट'ची २०२३ साली फॅन्डममधून बाहेर पडली.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या फार थोड्या जणी हा खेळ खेळतील. पण आता आपलेही हिशेब मोबाईलमधल्या फुकट ॲपवर जाऊ लागलेत. गटाच्या मालाचे फोटो, गिऱ्हाइकांची यादी, पाककृती, सगळं कुणाच्या तरी जागेत ठेवलेलं असतं. फुकट जागा घ्यायला हरकत नाही. त्या खेळाडूंनीही घेतली. ते दोनदा निघू शकले ते तीन गोष्टींमुळे. मजकुराची प्रत घ्यायचा हक्क आधीपासून लिहून ठेवलेला होता. कुणी काय लिहिलं याची नोंद होती. आणि ती माणसं एकमेकांना धरून होती. नाव आणि पत्ता मात्र त्यांच्या हातात नव्हता, म्हणून तो दोनदा गमवावा लागला.

तेव्हा पुढच्या बैठकीत चार प्रश्न विचारून बघा. आपल्या नोंदींची पूर्ण प्रत आपल्याला काढता येते का? गटाचं नाव, फोन नंबर आणि पासवर्ड एकाच बाईच्या ताब्यात आहे का? जागा देणाऱ्याने उद्या नियम बदलले तर आपण काय करणार? आणि नोंदी कुणाच्या, हे ठरावात लिहिलंय का?

उत्तरं आली की ती इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि त्या पानाची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.