दमाची कुस्ती

मराठीत ‘दम’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. पहिलवानाच्या छातीत असतो तो दम, बिडीचा मारतात तोही दम, आणि घाई करणाऱ्याला वडीलधारी माणसे धरायला सांगतात तोही दमच. माझ्या आयुष्यात दुसऱ्या दमाने पहिला घालवला आणि तिसऱ्या दमाने दुसरा सोडवला. त्याचीच ही गोष्ट.

आमचे घर बीडच्या जुन्या वस्तीत, बिंदुसरेपासून हाकेच्या अंतरावर. अण्णा हमाली करत. थोरला मुलगा पहिलवान व्हावा ही त्यांची हौस. पहाटे साडेचारला उठवून ते मला तालमीत नेत. जोर, बैठका, मग हौदातली लाल माती. ताक, तेल, लिंबू, हळद घालून मळलेल्या त्या मातीचा वास आजही नाकात आहे. पण पहिलवानकी नुसत्या मातीवर होत नाही, तिला खुराक लागतो. घरात एकच म्हैस. तिचे दूध माझ्या वाट्याला आणि धाकट्या बहिणीच्या वाट्याला कोरा चहा. त्या वयात मला त्यात काही वावगे वाटले नाही.

सतराव्या वर्षी बिडी लागली. कोणी आग्रह केला नव्हता. तालमीनंतर नदीकाठी मोठी पोरे ओढायची आणि मला मोठे व्हायचे होते. वस्तादांना कळू नये म्हणून पेरूची पाने चघळायची, बडीशेप खायची. एकदा जोड करताना त्यांनी माझी मान खाली दाबली आणि कानात म्हणाले, “वास मातीत पुरता येत नसतो, लेकरा.” बाकी एक शब्द नाही. दोन दिवस बिडी बंद राहिली, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

1988 साली शेजारच्या गावच्या जत्रेत माझी कुस्ती लागली. अण्णा पहिल्या रांगेत, डोक्याला नवा पटका. पहिली पाच मिनिटे मैदान माझे होते. मग छातीत जणू कोणी बोळा कोंबला. डाव सुचत होता, पण अंग ऐकत नव्हते. समोरच्याने माझी पाठ मातीला लावली, तेव्हा त्याची ताकद मला जाणवलीच नाही. जाणवला तो माझाच श्वास. परतीच्या वाटेवर अण्णा काही बोलले नाहीत. घरी आलो तर बहीण दुधाचा तांब्या घेऊन दारात उभी.

यामागचे शास्त्र मला पुढे कळले. बिडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणजे गाडी भरलेली दिसते, पण आत माल भलताच. त्यातून बिडी विझू नये म्हणून सिगारेटपेक्षा जास्त वेळा आणि जोराने ओढावी लागते. ‘पानातच तर गुंडाळलेली, ती सौम्य’ हा आमचा समज शुद्ध भाबडेपणाचा होता.

दुसरा समज आजही तालमीतालमीत ऐकू येतो. धूर वाईट, पण गालातल्या तंबाखूने दम जात नाही म्हणे! 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर 24.4 टक्के तंबाखू चघळणारे, लावणारे वा मिसरी घासणारे निघाले. आपले खरे दुखणे गालात आहे. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. चघळलेले निकोटिनही रक्तातच जाते, नाडी वाढवते, रक्तवाहिन्या आवळते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 2012 मध्ये निकोटिनला निरीक्षणाच्या यादीत घेतले. बंदी नाही, पण खेळाडू ते वापरतात हे तिथवर पोचले आहे.

माझी बिडी सुटली 2009 साली. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन खंडोबाच्या टेकडीवर चढत होतो. अर्ध्यात मी टेकलो. तो वळून म्हणाला, “पप्पा, तुम्ही बसा, मी दर्शन घेऊन येतो.” त्यात टोमणा नव्हता, काळजी होती. म्हणूनच ती जास्त लागली.

त्याआधी दोनदा सोडून पुन्हा धरली होती. या वेळी थकलेल्या वस्तादांकडे गेलो. ते म्हणाले, “तलफ म्हणजे समोरचा पहिलवान. त्याची पहिली झडप जोराची असते. तेवढी परतव, मग तोच दमतो. तू फक्त दम धर.” डॉक्टरही वेगळे काय सांगतात? तलफेची लाट काही मिनिटांत ओसरते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, मग काही आठवड्यांत चिडचिड उतरते. रक्तातला तो विषारी वायू तर दिवसाभरात निघून जातो. मी तलफ आली की पाणी प्यायचो आणि वीस बैठका मारायचो. पहिल्या आठवड्यात इतक्या बैठका झाल्या की पोरगा म्हणाला, “पप्पा, दंगल कधी आहे?” एकट्याला जमत नसेल त्यांच्यासाठी 2016 पासून 1800-11-2356 हा सरकारचा मोफत दूरध्वनीही आहे. मदत मागण्यात पहिलवानाची पाठ मातीला लागत नाही.

2018 साली आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्ण जिंकले. मॅटवरची ती कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. सहा मिनिटे! जत्रेत मी पाचव्यालाच संपलो होतो. टीव्हीसमोर टाळ्या वाजवताना मला मेडलपेक्षा त्याची छाती दिसत होती.

मागच्या दिवाळीला बहीण आली. मी तिला चहा करून दिला, निव्वळ दुधाचा. ती हसून म्हणाली, “दादा, केवढं दूध घातलंस रे!” मी म्हटले, “राहिलेलं होतं.” तिला कळले असावे. कपातला शेवटचा घोट तिने सावकाश, पुरता संपवला.