शब्दांची दोन पारडी

वैशाखाच्या सुमारास रत्नागिरीच्या घराघरांतून लग्नपत्रिका येऊ लागतात. हळदीकुंकवाची बोटे लागलेली पत्रिका प्रथम देवापुढे ठेवावयाची आणि मग घरातील मंडळींना वाचून दाखवावयाची, असा प्रघात अनेक घरी आहे. ती ऐकताना वधूवरांच्या नावांआधीची अक्षरे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाहीत. वराच्या नावाआधी 'चि.' एवढेच असते. वधूच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' असते.

'चि.' म्हणजे चिरंजीव. पुष्कळ आयुष्य लाभो, हा आशीर्वाद दोघांनाही सारखाच मिळाला. 'सौ. कां.' म्हणजे सौभाग्यकांक्षिणी. सौभाग्य म्हणजे पती हयात असणे, आणि त्याची इच्छा धरणारी ती सौभाग्यकांक्षिणी. वराच्या नावाआधी पत्नीच्या आयुष्याची इच्छा सांगणारा शब्द नाही. दोघेही अविवाहित, पण एकाला स्वतःच्याच आयुष्याचा आशीर्वाद आणि दुसरीला त्याबरोबर एक अपेक्षाही.

हाच भेद अन्यत्रही दिसतो. 'कुमार' व 'कुमारी' हे जोडीचे शब्द. संस्कृतात कुमार म्हणजे बालक किंवा राजपुत्र, आणि कुमारी म्हणजे मुलगी. कुमार मोठा झाला की तो 'श्री.' होतो, आणि त्याचा विवाह झाला आहे की नाही, हे त्या 'श्री.'वरून कोणालाही कळत नाही. कुमारी मात्र विवाह होईपर्यंत 'कु.' राहते, मग 'सौ.' होते. बोलीभाषेत तर हे पारडे अधिकच झुकते. एकट्या राहणाऱ्या पुरुषाला लोक 'सडाफटिंग' म्हणतात, त्यात थट्टेबरोबर थोडे कौतुकही असते. विवाहाचे वय उलटलेल्या मुलीला 'घोडनवरी' म्हणतात, त्यात केवळ बोचणी असते. 'घोडनवरा' हाही शब्द आहे. पण तो क्वचितच कानी पडतो.

हा दोष केवळ मराठीचाच आहे, असे मात्र नाही. इंग्रजीत अविवाहित पुरुषाला 'बॅचलर' आणि अविवाहित स्त्रीला 'स्पिन्स्टर' म्हणतात. 'स्पिन्स्टर' म्हणजे मुळात सूत कातणारी. अविवाहित स्त्रिया पुष्कळदा सूत कातून आपला चरितार्थ चालवीत. सतराव्या शतकात हा शब्द कागदोपत्री अविवाहित स्त्रीसाठी रूढ झाला. जो शब्द स्वकष्टाची भाकरी खाणाऱ्या स्त्रीचा होता, तोच पुढे हिणविण्याचा झाला. 'बॅचलर' हा फ्रेंचमधून आलेला शब्द प्रथम उमेदवारी करणाऱ्या तरुण सरदाराचा होता. पुढे तो अविवाहित पुरुषाचा आणि विद्यापीठाच्या पहिल्या पदवीचाही झाला. त्याची प्रतिष्ठा कमी झाली नाही.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ही पदवी आपल्याकडे आली. १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते, आणि रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. गंमत अशी की, रानडे 'बॅचलर' झाले त्याआधीच त्यांचा विवाह झालेला होता! पुढे स्त्रिया विद्यापीठात शिकू लागल्या, तेव्हा त्याही 'बॅचलर'च ठरल्या. आपल्या परंपरेतील 'स्नातक' याच्या नेमका उलट आहे. ब्रह्मचर्याश्रम संपवून, विधिपूर्वक स्नान करून विवाहास योग्य झालेला तो स्नातक.

रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे १८५८ साली जन्मलेले आणि मुरूडला वाढलेले धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. ज्या विधवांकडे पाहण्यासही समाज तयार नव्हता, त्यांना तेथे आधार व शिक्षण मिळू लागले. १९१६ साली त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन केले. त्या विद्यापीठाने आपल्या पदवीसाठी 'बॅचलर' हा शब्द न घेता 'गृहीतागमा' असे नवे नाव योजिले. आगम म्हणजे शास्त्र. ज्ञान जिने ग्रहण केले आहे ती गृहीतागमा. त्याच्या वरच्या पदवीचे नाव 'प्रदेयागमा', म्हणजे जिने ते ज्ञान इतरांना द्यावे अशी. हे नाव धारण करणारी स्त्री कुमारी आहे, सौभाग्यवती आहे की विधवा आहे, हे ते नाव विचारीत नाही. ती काय शिकली, एवढेच ते सांगते. जिला आजवर केवळ विवाहावरून ओळखले जाई, तिला विद्येवरून ओळख मिळाली. आज त्या विद्यापीठातही बी. ए., एम. ए. याच पदव्या दिल्या जातात. परंतु त्या दोन शब्दांमागील विचार जुना झालेला नाही.

कायद्याच्या भाषेनेही हळूहळू तीच वाट धरली. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातील नमुन्यात वधूच्या नावापुढे 'स्पिन्स्टर' असा शब्द आढळतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातील नोटिशीच्या नमुन्यात मात्र वर आणि वधू या दोघांसाठीही 'अविवाहित' या अर्थाचा एकच शब्द आहे. इंग्लंडमध्ये विवाहनोंदणीच्या कागदांतून 'बॅचलर' व 'स्पिन्स्टर' हे शब्द २००५ साली गेले आणि दोघांसाठी 'सिंगल' हा एकच शब्द आला.

शब्द आकाशातून पडत नाहीत. समाज ज्याला जसे मानतो, तसे त्याचे नाव पडते. आणि एकदा पडलेले नाव पुढच्या पिढीला तसेच मानावयास शिकविते. म्हणून जुना शब्द उच्चारताना त्याचे वजन हाती घेऊन पाहावे. तराजूची दोन पारडी सारखी नसतील, तर दोष मापाचा असतो, मालाचा नसतो.